बर्फावर थांबायचं कसं?

मे महिन्यातलं गल्लीतलं लग्न, आणि मठ्ठा गार करायला लादी आणायचं काम माझ्याकडं. कोल्हापूरच्या उन्हात बर्फाच्या कारखान्यात शिरलं की बाहेर यावंसंच वाटत नाही. सोबत पुतणी होती. वय तेरा, रोज सकाळी चाकांच्या स्केटिंगच्या क्लासला जाते, गुडघ्यांवर कायम खपल्या. तिथल्या माणसानं दीडशे किलोच्या आसपासची लादी आकड्यानं जराशी ओढून नुसती सोडली. ती ओल्या फरशीवरून सरसरत आली आणि टेम्पोच्या फळीवर आदळली.

"काका, ही थांबली कुठं? आदळली की," पुतणी म्हणाली.

दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जाईना. कारण ह्याच पोरीनं आठवडाभर आधी मोबाईलवर महिलांच्या आइस हॉकीचा सामना बघून "मी पण हे खेळणार हाय" असं जाहीर केलं होतं. (आमच्याकडं पोरीही 'खेळणार हाय, येतो, जातो' म्हणतात. बाहेरगावच्यांनी दचकू नये.) बर्फावर पळणाऱ्या बायकांचं करिअर नेमकं कशावर उभं असतं, हे तिला सांगायला बसलो आणि मलाच बरंच नव्यानं कळलं.

आधी बर्फ. कारखान्यात मोठ्या टाकीत मिठाचं पाणी शून्याच्या बरंच खाली नेतात. मिठामुळं ते गोठत नाही, पण त्यात बुडवलेल्या डब्यांतलं गोडं पाणी गोठून लादी होते. आइस हॉकीच्या रिंकमध्येही युक्ती हीच. काँक्रीटच्या पोटात नळ्यांचं जाळं असतं, त्यातून खारं पाणी किंवा ग्लायकॉल नावाचं सहजी न गोठणारं द्रव फिरतं आणि वर पातळ पातळ थर देत जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर बर्फ चढवतात. एवढ्याशा जाडीवर साठ मीटर लांब मैदान. बर्फाचं तापमान हॉकीसाठी उणे पाच-सहा अंश, फिगर स्केटिंगसाठी त्याहून थोडं वर, म्हणजे बर्फ जरा मऊ.

पण बर्फ निसरडा का असतो? आम्हाला शाळेत सांगितलं होतं की स्केटच्या पात्याच्या दाबानं बर्फ वितळतो आणि पाण्यावरून पाय सरकतो. 1886 मध्ये आयरिश शास्त्रज्ञ जॉन जोली यानं ही कल्पना मांडली. ऐकायला झकास, हिशेबात लंगडी. साठ किलोची मुलगी एका पायावर उभी आहे आणि पातं अडीच चौरस सेंटिमीटर बर्फाला टेकलंय असं धरा. दाब होतो साधारण 24 वातावरणं (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीला हवेचा असतो तेवढा दाब). एका वातावरणाच्या दाबानं बर्फाचा वितळणबिंदू अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही उतरत नाही. म्हणजे 24 नी उतरून उतरणार किती, तर अंशाचा पाचवा हिस्साही नाही. पातं फक्त धारेवर टेकलं आणि दाब दहापट झाला तरी दोन अंशांच्या आत. रिंक तर उणे पाचवर. शिवाय साध्या बुटातला माणूसही बर्फावर घसरतोच.

मायकेल फॅरडेला ह्याचं उत्तर 1850 मध्येच अर्धं सापडलं होतं. त्यानं बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले, ते चिकटले. त्यावरून त्यानं म्हटलं की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा पातळ थर असतो. दोन तुकड्यांमध्ये सापडला की तो गोठतो. आपला गोळेवाला हाच प्रयोग संध्याकाळभर करतो. किसलेला बर्फ काडीभोवती दाबला की गोळा होतो आणि सुटत नाही. गोळ्यात दाबाचाही थोडा हात आहे, पण चिकटण्याचं काम करतो तो हाच थर.

पुढं 1939 मध्ये बाउडेन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी घर्षणाच्या उष्णतेकडं बोट दाखवलं, आणि 2018 मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठ आणि जर्मनीतल्या माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी पोलादी गोळी वेगवेगळ्या तापमानांच्या बर्फावर घासून पाहिली. बर्फाच्या आत प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना धरून असतो. पृष्ठभागावर वरच्या अंगाला शेजारीच नाही, त्यामुळं काही रेणूंना दोनच हात धरायला मिळतात. असे रेणू जागेवर न बसता लोळत राहतात, फरशीवर सांडलेल्या साबुदाण्यासारखे. फार थंडीत ते कमी, म्हणून बर्फ खरखरीत. शून्याजवळ बर्फच मऊ पडून पातं रुततं. घर्षण सगळ्यात कमी निघालं उणे सात अंशांना. रिंकवाल्यांनी नुसत्या अनुभवानं ह्याच्या जवळपासचं तापमान आधीच पकडलं होतं, हे मला फार आवडलं.

तर सरकणं फुकट मिळतं. पैसे मोजावे लागतात थांबण्याचे. स्केटचं पातं साधारण तीन मिलिमीटर रुंद, पण खालून सपाट नसतं. मधोमध पन्हळीसारखं कोरलेलं असतं, म्हणून त्याला दोन धारा. पातं ज्या दिशेला रोखलंय त्या दिशेला घर्षण जवळजवळ नाही, आणि आडव्या दिशेला धार बर्फात रुततेच. खेळाडू पुढं जाते तीही पाय मागं न रेटता, आडवा रेटून. थांबायचं तर दोन्ही पाती एका झटक्यात आडवी करून अंग मागं झुकवायचं. धारा बर्फ खरवडतात, पांढरा भुगा उडतो. ताशी 29 किलोमीटर वेगातली खेळाडू थांबते तेव्हा जेवढी ऊर्जा त्या भुग्यात जिरते, तेवढीच सव्वातीन मीटर उंचीवरून खाली पडताना अंगात येते. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून उडी मारायची आणि गुडघे शाबूत ठेवायचे, तेही सामन्यात शंभरदा.

आता जिचं करिअर ह्याच सरकण्या-थांबण्यावर उभं राहिलं त्या बाईकडं येतो. हेली विकेनहायझर. जन्म 1978 चा, कॅनडाच्या सस्कॅचेवन प्रांतातल्या शॉनाव्हन गावचा. बापानं परसात पाणी सोडून केलेल्या रिंकवर ती शिकली. पंधराव्या वर्षी, 1994 मध्ये, कॅनडाच्या संघात. महिलांची आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये आली 1998 ला, नागानोत. तिथं कॅनडाला रौप्य. त्यानंतर 2002, 2006, 2010, 2014 अशी ओळीनं चार सुवर्णं, आणि पाचही वेळा ही संघात. मधेच 2000 च्या सिडनी ऑलिंपिकला सॉफ्टबॉल खेळून आली. 2003 मध्ये फिनलंडच्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये गोल केला. असं करणारी ती पहिली बाई. शेवटच्या ऑलिंपिकला पाय मोडलेला असताना खेळली. काटा किर्र!

त्या पायावर खेळणं शक्य तरी कसं होतं, तर आइस हॉकीत सलग फार वेळ खेळतच नाहीत. पंचेचाळीस सेकंद जीव तोडून पळायचं, मग बाकावर. स्नायूत तयार असलेलं, झटपट ऊर्जा देणारं फॉस्फोक्रिएटिन नावाचं रसायन दहाएक सेकंदांत संपत येतं, पुढचा भार ऑक्सिजनवाचून साखर जाळण्यावर येतो आणि मांड्या पेटतात. बाकावरच्या दोन-तीन मिनिटांत तो साठा बराचसा परत भरतो. कबड्डीतली तीस सेकंदांची चढाई आठवा, की चित्र डोळ्यांपुढं येईल. म्हणून ह्या मुलींच्या मांड्या-नितंब पैलवानासारखे असतात. बैठका त्यांनाही चुकल्या नाहीत.

पण करिअर संपवतं ते बहुतेकदा डोकं, आणि तिथंही पुन्हा थांबण्याचाच घोळ आहे. महिलांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पुरुषांसारखी खुली धडक देता येत नाही, तरीही अमेरिकेच्या महाविद्यालयीन खेळांच्या नोंदींत मेंदूला हादरा बसण्याच्या प्रमाणात महिला आइस हॉकी वरच्या काही खेळांत असते. साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा मऊ मेंदू कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. मैदानाच्या कठड्यावर आपटून कवटी थांबते, मेंदू थांबत नाही. त्यातून मान गर्रकन फिरली तर आतले थर एकमेकांवर सरकतात आणि चेतापेशींचे लांब धागे ताणले जातात. पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं. ही घडी परत बसवायला पेशीला जादा ऊर्जा लागते आणि नेमकी तेव्हाच ती कमी पडते. ह्या दिवसांत दुसरा फटका बसला तर पहिल्यापेक्षा जड जातो. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण आतलं हे सरकणं त्याला थांबवता येत नाही. बायकांची मान सरासरीनं बारीक, स्नायू कमी, त्यामुळं तेवढ्याच फटक्यानं डोकं जास्त हिसकतं, हे प्रमाण जास्त असण्याचं एक कारण सांगतात. आमच्या तालमीत मान घट्ट करायला ब्रिज, म्हणजे डोकं आणि पाय टेकून अंगाची कमान, काढून घेतात. माझ्या मते आइस हॉकीवाल्यांनी ते खुशाल उचलावं, अर्थात जाणत्या वस्तादाच्या नजरेखाली.

विकेनहायझर 2017 च्या जानेवारीत निवृत्त झाली, नंतर कॅलगरी विद्यापीठात शिकून 2021 मध्ये डॉक्टर झाली.

"आपल्याकडं कोण खेळतंय का?" पुतणीचा पुढचा प्रश्न. खेळतात. भारतीय महिला संघ 2016 मध्ये तैवानमधल्या तैपेईत पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला, 2017 मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला 4-3 हरवून पहिला सामना जिंकला आणि 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक घेऊन आला. बहुतेक मुली लडाखच्या. लेह साडेतीन हजार मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. तिथं सराव करून खाली आलं की दमसास चांगला लागतो, पण गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ वर्षाला दोन-अडीच महिनेच टिकतो. आमच्या पंचगंगेला तेवढंही जमायचं नाही. इथल्या पोरींना चाकांवरच सुरुवात करावी लागणार. तोल, वाकलेले गुडघे, आडवा रेटा, एवढं तरी चाकांवर शिकता येतं. आडवं होऊन थांबणं तेवढं बर्फावर गेल्यावर नव्यानं शिकायचं.

परवा संध्याकाळी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये तिनं मला थांबून दाखवलं. वेगात आली, मागचा पाय आडवा टाकून चाकं घासत नेली, आणि माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. फरशीवर काळी रेघ उमटली होती.

"बर्फावर पांढरी पडते काय?" तिनं विचारलं.

"पडते," म्हटलं. तोवर वॉचमन फडकं घेऊन आमच्याकडंच यायला लागला होता.