‘हाफ जी टी स्क्वेअर’ एकट्या गॅलिलिओचं नाही

वरून सोडलेली वस्तू किती सेकंदात किती खाली येते याचं सूत्र शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं, अंतर म्हणजे हाफ जी टी स्क्वेअर (टी म्हणजे पडायला लागलेला वेळ, जी म्हणजे पृथ्वीच्या ओढीने दर सेकंदाला वेग जेवढा वाढतो तो आकडा), शेजारी पिसाच्या मनोऱ्याचं चित्र आणि खाली गॅलिलिओचं नाव. त्यामुळे वाटतं की एका माणसाने वरून दोन गोळे टाकले आणि सूत्र हातात आलं. प्रत्यक्षात यातला हाफ, टी स्क्वेअर आणि जी हे तिन्ही वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या लोकांकडून आलेत, आणि हे मुलांना सांगितलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

गोळे टाकायचा मान तर गॅलिलिओच्या आधीच दुसऱ्यांकडे जातो. वस्तू जितकी जड तितकी त्या प्रमाणात लवकर पडते हे ॲरिस्टॉटलचं म्हणणं, पण सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने लिहून ठेवलंय की एक वस्तू दुसरीपेक्षा कितीतरी जड असली तरी खाली पोचायच्या वेळात फरक जेमतेम पडतो. १५८६ साली छापलेल्या पुस्तकात हॉलंडच्या सायमन स्टेव्हिनने प्रयोगच दिलाय, शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दहापट वजनाचा, ३० फुटांवरून खाली फळीवर सोडले आणि दोन्हींचा आवाज एकच आला. पिसाच्या मनोऱ्याची गोष्ट मात्र गॅलिलिओचा शिष्य विव्हियानी याने नंतर लिहिलेल्या चरित्रातली, गॅलिलिओने स्वतः तिथल्या प्रयोगाचं वर्णन कुठेच केलेलं नाही.

आता हाफ. तो आला ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातून, १३३० च्या दशकात. तिथल्या हेट्सबरी वगैरे मंडळींनी मांडलं की शून्यापासून एकसारखा वेग वाढत गेला तर कापलेलं अंतर हे शेवटच्या वेगाच्या निम्म्या वेगाने तेवढाच वेळ चालल्यावर जेवढं होईल तेवढंच असतं. पुढे फ्रान्समध्ये निकोल ओरेमने याचं चित्र काढलं, आडवा वेळ, उभा वेग, मधे त्रिकोण, आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर, म्हणजे आज आपण ग्राफ काढून जे शिकतो तेच. गंमत अशी की यातल्या कोणीही हे पडणाऱ्या वस्तूला लावलं नाही, ते त्यांच्यासाठी निव्वळ तर्काचं गणित होतं, पडणाऱ्या वस्तूशी जोड स्पेनच्या डोमिंगो द सोतोने १५५१ साली घातली, पण मोजून बघितलं त्यानेही नाही.

मोजायची खरी अडचण होती वेळेची. २० मीटरवरून दगड पडायला जेमतेम २ सेकंद लागतात आणि त्या काळात सेकंद दाखवणारं विश्वासू घड्याळच नव्हतं, मग करणार काय? गॅलिलिओची खरी करामत मला इथे दिसते, त्याने पडणंच हळू करून टाकलं. पदुआला असताना, साधारण १६०० च्या पुढेमागे, लाकडी फळीत खोबण, आतून गुळगुळीत चर्मपत्र, तिरक्या उतारावरून कांस्याचा गोळा, आणि वेळेसाठी पाण्याचं मोठं भांडं, त्याच्या तळाशी बारीक नळी, गोळा सोडला की नळीतून येणारं पाणी पेल्यात धरायला सुरुवात करायची, गोळा पोचला की थांबायचं आणि मग ते पाणी तराजूत तोलायचं, म्हणजे वेळ चक्क वजनात मोजला! सारख्या सारख्या वेळात कापलेली अंतरं १, ३, ५, ७ अशी विषम संख्यांनी वाढतात हे त्याने दाखवलं, बेरीज करत जा, १, ४, ९, १६, हाच तो टी स्क्वेअर. तोसुद्धा सरळ नाही सापडला, १६०४ साली व्हेनिसच्या सार्पी या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने वर्गाचा नियम बरोबर सांगितला पण कारण चुकीचं दिलं, वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो असं. वेग वेळेच्या प्रमाणात वाढतो ही दुरुस्ती नंतर आली आणि सगळं नीट छापून आलं थेट १६३८ साली लायडनला, तेव्हा तो नजरकैदेत होता. विसाव्या शतकात इतिहासकार कोयरेला शंका होती की एवढ्या साध्या साधनांनी हे जमणं शक्य नाही, तर १९६१ मध्ये थॉमस सेटलने तसलीच फळी आणि तसलंच पाणी घेऊन करून दाखवलं.

पण गॅलिलिओकडे जी नव्हताच! त्याचं सगळं काम प्रमाणात, दुप्पट वेळ तर चौपट अंतर. १६३२ च्या पुस्तकात त्याने १०० हात (इटलीचे, साधारण ५८ मीटर) पडायला ५ सेकंद असा आकडा दिला, जो खूपच जास्त आहे, खरे साडेतीनच्या आसपास लागतात. पॅरिसच्या मर्सेन या अभ्यासकाला तो तेव्हाच पटला नव्हता. बोलोन्यात रिच्चोली नावाचा जेझुइट पाद्री तर गॅलिलिओला खोडायच्या तयारीने उभा राहिला, वेळ मोजायला घेतलेला लंबक बरोबर चालतो का हे तपासायला सहकाऱ्यांना बसवून २४ तास झोके मोजून घेतले, ९७ मीटर उंच असिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे टाकले, आणि निघालं काय तर विषम संख्यांचा नियम बरोबर. त्याने तसं प्रामाणिकपणे छापलं, या माणसाचं नाव पुस्तकात यायला हवं. नेमका आकडा दिला हॉलंडच्या हायगेन्सने, १६५९ साली, काहीही खाली न टाकता, फक्त लंबकाच्या गणितातून: पहिल्या सेकंदात साधारण ४.९ मीटर, म्हणजेच जीचा जो ९.८ हा आकडा आपण शिकतो त्याचा निम्मा.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत पृथ्वी आपल्या शक्तीने जड वस्तू स्वतःकडे ओढते असं स्वच्छ लिहिलंय, ते वाचताना अभिमान वाटतोच, पण त्यांचा प्रश्न पृथ्वी स्वतः का पडत नाही हा होता, सेकंद आणि अंतर यांचा हिशोब त्यात नाही, तेव्हा हे सूत्र तिथलं म्हणून फॉरवर्ड करू नये.

हायगेन्सचा आकडा घेऊन न्यूटनने चंद्राचं पडणं (फिरताना तो पृथ्वीकडे सतत ओढला जातो ते) त्याच्याशी जुळवून बघितलं, आणि १७१० मध्ये लंडनच्या सेंट पॉल चर्चमध्ये २२० फुटांवरून काचेचे गोळे सोडून हवेचा अडथळाही मोजला, पारा भरलेले सुमारे ४ सेकंदात खाली आले, नुसती हवा असलेले ८ च्या आसपास. जी सगळीकडे सारखा नाही हे त्याआधीच कळलं होतं, १६७२ मध्ये रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला तर त्याचं लंबकाचं घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवावर ९.८३, मुंबईत ९.७९ च्या जवळ, आणि १९०१ साली ठरवलेला प्रमाण आकडा ९.८०६६५. चार सेकंदांच्या पडण्यात विषुववृत्त आणि ध्रुव यांच्यात जेमतेम ४० सेंटीमीटरचा फरक येतो, म्हणून शाळेच्या गणितात ९.८ धरला तरी चालतं.