हलका आहार आणि अपुरा आहार: फरक कसा ओळखावा

रात्री मुगाची खिचडी आणि ताक घेणारा म्हणतो, मी हलकं खातो. टोमॅटोचं सूप आणि एक टोस्ट खाऊन झोपणाराही तेच म्हणतो. दोघांनाही जेवल्यावर सुस्ती येत नाही, पोट तडस लागल्यासारखं होत नाही. पण ३५ ग्रॅम तांदूळ, २५ ग्रॅम मूगडाळ, वर चहाचा चमचाभर तूप आणि पेलाभर ताक यांतून सुमारे ३०० कॅलरी आणि ११-१२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. सूप-टोस्टमधून मिळतात १४०च्या आत कॅलरी आणि जेमतेम ३-४ ग्रॅम प्रथिनं. पहिलं जेवण हलकं आहे. दुसरं हलकंही आहे आणि अपुरंही.

गोंधळाचं मूळ थोडं आपल्या शब्दातच आहे. ‘हलकं’ म्हणजे पचायला सोपं आणि ‘हलकं’ म्हणजे थोडंसं, असे दोन्ही अर्थ आपण एकाच शब्दाने चालवतो. जुन्या वैद्यांनी ते वेगळे ठेवले होते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात लघु आणि गुरू हे पदार्थाचे गुण आहेत, आणि मात्रा ही स्वतंत्र गोष्ट आहे. जड पदार्थ अर्धी तृप्ती होईल इतकेच खावेत, हलके पदार्थ अतितृप्ती होणार नाही इतके, असं तिथे सांगितलंय. म्हणजे हलकं अन्न पोटभरीच्या जवळपास खायची मुभा आहे. त्याच अध्यायात मात्रेपेक्षा कमी जेवणाबद्दलही स्पष्ट बजावलंय: त्याने बळ मिळत नाही, शरीर भरत नाही आणि वाताचे विकार होतात. मूग हलके म्हणून निवडणं आणि मूग दोनच चमचे खाणं हे दोन वेगळे निर्णय आहेत.

आता मात्रेचे आजचे आकडे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२०मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला १६६० कॅलरी लागतात, ६५ किलोच्या पुरुषाला २११०. प्रथिनं वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम, म्हणजे या दोघांना अनुक्रमे सुमारे ४६ आणि ५४ ग्रॅम. याच संस्थेने २०२४च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींचं दिवसभराचं ताट मांडलं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा त्याऐवजी अंडी, मांस-मासे) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ-बदाम यांसारख्या तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. या ताटात जड असं काहीच नाही. तळण नाही, मिठाई नाही. तरी ते पुरेसं आहे.

इथे एक चूक फार होते. ही वजनं कच्च्या शिध्याची आहेत. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी असतात, आणि शिजलेल्या १०० ग्रॅम भातात तांदूळ असतो ३५ ग्रॅमच्या आसपास. कच्च्याचा आकडा शिजलेल्या भाताला लावला की वाटीभर भातात ५०० कॅलरी दिसतात आणि माणूस घाबरून भात अर्धा करतो. शिजवण्याआधी तोलायचं, माणशी भागायचं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आठवडाभर वापरला की पुढे डोळ्यालाच अंदाज येतो.

काटा नसेल तर महिन्याच्या वाणसामानाच्या यादीवरूनही बरंच कळतं. चार माणसांच्या शाकाहारी घरात माणशी ८५ ग्रॅम धरलं तर महिन्याला सगळ्या डाळी, कडधान्यं आणि बेसन मिळून १० किलोच्या आसपास लागायला हवं. प्रत्यक्षात ३ किलो येत असेल तर माणशी रोज २५ ग्रॅम पडतं. मग ताट कितीही सात्त्विक दिसो, त्यात प्रथिनांची तूट आहे, आणि ती बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला येते.

ही तूट जिथे सहज लपते ती जागा म्हणजे वरणाची वाटी. घट्ट वरणाच्या वाटीत ३० ग्रॅम तूरडाळ असली तर साडेसहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. तीच वाटी पाणी वाढवून पातळ केली तर डाळ १०-१५ ग्रॅमवर येते आणि प्रथिनं २-३ ग्रॅमवर. रंग तोच, फोडणीचा वास तोच, ‘डाळ रोज खातो’ हे म्हणणंही खरंच. आमटी, सार, कढण यांचं तेच. पातळ पदार्थ पचायला सोपे असतात यात वाद नाही, पण पाण्याने पोट भरतं आणि शरीराला जे बांधकामाला लागतं ते येत नाही. चुरमुऱ्यांमध्ये पाण्याऐवजी हवा असते. २० ग्रॅम चुरमुऱ्यांनी मोठा वाडगा भरतो, आणि त्यात ७० कॅलरी आणि दीड ग्रॅम प्रथिनं असतात.

एकाच बाईचे दोन दिवस

५५ किलोची, बैठं काम करणारी स्त्री धरू. पहिला दिवस असा: सकाळी चहा आणि तीन मारी बिस्किटं. अकराला एक सफरचंद. दुपारी दोन पातळ फुलके, वाटीभर दुधी, काकडी. संध्याकाळी पुन्हा चहा, सोबत चुरमुरे. रात्री सूप, एक टोस्ट, पपईच्या चार फोडी. तोंड दिवसभर चालू आहे, पाच वेळा खाणं झालंय, कुठेही तेलकट नाही. बेरीज येते ७०० कॅलरी आणि १६-१७ ग्रॅम प्रथिनं. गरजेच्या निम्म्याहून कमी कॅलरी, आणि प्रथिनं जेमतेम तिसरा हिस्सा. दिवसाला ८०० कॅलरींच्या खालचा आहार हा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचा उपचार आहे. ही बाई तो घरच्या घरी, नकळत करते आहे.

दुसरा दिवस. सकाळी ५० ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी चमचाभर तेलावर आणि कपभर दूध. दुपारी ६० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, १५० ग्रॅम मेथी किंवा चवळीची पालेभाजी, ३० ग्रॅम डाळीचं वरण, ४० ग्रॅम तांदळाचा भात, वाटीभर दही, दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर. चारच्या सुमाराला पेरू आणि मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम फुटाणे. रात्री वर सांगितलेली खिचडी, ताक आणि दुधीची भाजी. दिवसात दोन कप चहा धरूनच. बेरीज साधारण १६५० कॅलरी आणि ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं. कोणत्याही एका वेळचं जेवण ७०० कॅलरींच्या पुढे जात नाही, म्हणून जडपणाही नाही.

दोन्ही दिवसांत दुधी आहे, फळ आहे, चहा आहे. पहिल्या दिवसात नाही ते मूग, तूर, फुटाणे, दही, दूध आणि चार-पाच चमचे तेल-तूप. हलकं खायचं म्हणून माणसं सगळ्यात आधी डाळ (‘गॅस होतो’), दूध-दही (‘कफ होतो’) आणि तूप (‘वजन वाढतं’) कमी करतात आणि बिस्किटं ठेवतात. उलट करायला हवं. डाळीने खरंच पोट फुगत असेल तर सालाची मूगडाळ दोन-तीन तास भिजवून, ते पाणी टाकून, हिंग-आल्याची फोडणी देऊन पाहावी. आठवडाभर १५ ग्रॅमने सुरुवात करून हळूहळू वाढवली तर आतडी सरावतात.

दुसऱ्या दिवसाचं ताटही सगळं देतं असं मात्र नाही. स्त्रियांसाठी लोहाची शिफारस २९ मिलिग्रॅम आहे आणि या ताटातून मिळतं त्याच्या निम्म्याच्या जरा वर. वनस्पतींमधलं लोह आधीच कमी शोषलं जातं, वर जेवणाबरोबरचा चहा ते आणखी अडवतो. म्हणून चहा जेवणापासून तासभर तरी लांब ठेवावा, भाजी-वरणावर लिंबू पिळावं, लोखंडी कढई वापरावी, कधी ज्वारीऐवजी बाजरी घ्यावी. हिमोग्लोबिन कमी निघालं तर फक्त खाण्यावर विसंबून न राहता डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्यात. कॅल्शियमचं लक्ष्य १००० मिलिग्रॅम आहे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम असतं, म्हणून भाकरीच्या पिठात अर्धी नाचणी मिसळली तर उरलेलं अंतर बरंच भरतं. बी-१२ जीवनसत्त्व डाळी, भाज्या, धान्य यांत मिळत नाही. जो शाकाहारी दूध-दहीही सोडतो त्याला ते बाहेरून घ्यावंच लागतं.

तेच ताट, वेगळा माणूस

१९४४-४५मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे रोज सुमारे १५७० कॅलरींवर ठेवलं. पाव, बटाटे, सलगम, मॅकरोनी असं अन्न होतं, आणि त्यांना आठवड्याला ३५ किलोमीटर चालावं लागे. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. नाडी मंदावली, सतत थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली, डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विषय उरला नाही. १५७० हा आकडा आपल्या उदाहरणातल्या बाईच्या १६६०पासून फारसा लांब नाही. तिला जो आहार जवळपास पुरतो, त्याच आहारावर चालणारा-राबणारा तरुण उपाशी राहतो. म्हणून सासऱ्यांसाठी केलेलं हलकं जेवण घरातल्या सगळ्यांना सरसकट वाढणं योग्य नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला तर पहिले सहा महिने नेहमीच्या गरजेहून रोज ६०० कॅलरी जास्त लागतात.

पुरेसं हलकं खाणाऱ्याची लक्षणं साधी असतात: जेवणानंतर तीन-चार तासांनी सणसणून भूक लागते, जेवलं की ती शमते, वजन स्थिर राहतं किंवा ठरवून सावकाश उतरतं. अपुरं खाणाऱ्याची भूक पहिले काही दिवस छळते आणि मग मरते. ‘आता मला भूकच लागत नाही, सवय झाली’ हे वाक्य ऐकून बरं वाटून घेऊ नये. त्यानंतर एकेक गोष्ट येते: जिना चढताना मांड्या भरून येणं, हातपाय गार पडणं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, बद्धकोष्ठ (खाल्लंच कमी, तर मळ कशाचा बनणार?), पाळी लांबणं. केस गळतात ते दोन-तीन महिन्यांनी, त्यामुळे दोष शाम्पूवर जातो. न ठरवता महिन्याभरात वजन ५ टक्क्यांहून जास्त, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलोहून जास्त उतरलं, तर आहारासोबत आजाराचीही तपासणी हवी.

उपासाची गोष्ट वेगळी. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात ते साबुदाण्याच्या खिचडीला तंतोतंत लागू पडतं. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचा कूट आणि तीन चमचे तूप धरलं तर ताटलीत ५०० कॅलरींच्या वर जातात, आणि प्रथिनं ६ ग्रॅम, तीही सगळी दाण्यांची. हे जेवण जडही आहे आणि अपुरंही. भगर, राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी आणि ताक असा उपास हलका होतो आणि शरीरालाही काही देतो.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांनी जेवण स्वतःहून कमी करू नये. औषधाचा डोस पूर्वीच्या जेवणाच्या हिशेबाने बसवलेला असतो. जेवण निम्मं झालं आणि डोस तोच राहिला की साखर ७०च्या खाली जाते, घाम फुटतो, हात थरथरतात. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून लगेच द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची आणि मग जेवण. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं किती घ्यायची हे डॉक्टरच ठरवतील, वरचे आकडे अशा रुग्णांसाठी नाहीत.

सत्तरीपुढच्या, दात नसलेल्या माणसाला खरोखरच वाटीभरच जातं. तिथे वाटी मोठी करण्याचा हट्ट चालत नाही, वाटीतलं दाट करावं लागतं. नुसत्या तांदळाची पेज दोन दिवसांच्या तापात ठीक, महिनाभर नाही. त्याच पेजेत तांदळाच्या निम्मी भाजलेली मूगडाळ घालून शिजवावी आणि वरून चमचाभर तूप सोडावं. नाचणीच्या सत्त्वात साय काढलेल्या दुधाची पावडर १५ ग्रॅम मिसळली की ५ ग्रॅम प्रथिनं आणि पावणेदोनशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम वाढतं. पावडर थोड्या कोमट पाण्यात आधी कालवून घ्यावी, थेट उकळत्या सत्त्वात टाकली तर गुठळ्या होतात. शिऱ्यात किंवा उपम्यात भाजक्या डाळ्याचं पीठ १५ ग्रॅम सहज खपतं, ३ ग्रॅम प्रथिनं वाढतात. दिवसातून तीनऐवजी पाच वेळा अशी छोटी वाटी द्यावी, शेवटची झोपण्याआधी दोन तास.