झाल्यात एक सतार दोन कशा होतात?

सवाई गंधर्व महोत्सवात सतारीचा झाला, म्हणजे वादनाच्या शेवटचा वेगवान भाग, रंगला की दोन गोष्टी एकदम ऐकू येतात: खाली रागाची सुरावट आणि वर चिकारीचा, म्हणजे षड्जात लावलेल्या बाजूच्या तारांचा, अखंड झणत्कार. बोटात तार छेडायची नखी मात्र एकच. ‘दा रा रा रा’ या आघातांच्या बोलांमधला ‘दा’ बाजाच्या, म्हणजे मुख्य तारेवर, पुढचे तीन आघात चिकारीवर. कानावर पडते ती एकच रांग. मेंदू ती मोडून दोन लावतो. आवाज ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने ऐकू येतात, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

हे घरी पडताळता येतं. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ५०० हर्ट्झचा (सेकंदाला ५०० कंपनांचा) साधा साइन सूर १०० मिलिसेकंद घ्या, मग ५३० हर्ट्झचा तेवढाच, पुन्हा ५०० चा आणि शेवटी १०० मिलिसेकंद शांतता. प्रत्येक सुराच्या दोन्ही टोकांना १० मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) द्याच; नाहीतर ‘टक’ असा आवाज येतो, त्यात असंख्य वारंवारता मिसळलेल्या असतात आणि प्रयोग फसतो. हा तुकडा ४० वेळा जोडा. घोड्याची चाल ऐकू येईल: टगडक, टगडक. आता मधला सूर १००० हर्ट्झ करा. घोडा नाहीसा! खालचा सूर दर २०० मिलिसेकंदांनी एकसारखा वाजतो, वरचा दर ४०० नी, वेगळाच.

खरी गंमत मधला सूर ६७० हर्ट्झवर ठेवला की. सुरुवातीला टगडक, काही सेकंदांनी फाटाफूट. आतल्या कानातल्या पडद्यावर प्रत्येक वारंवारतेची जागा ठरलेली असते आणि मेंदूच्या श्रवणभागातही तसाच नकाशा असतो. सूर भराभर आले की एका सुराला साद देणाऱ्या चेतापेशी शेजारच्या सुराला सेकंदासेकंदाने कमी प्रतिसाद देऊ लागतात. दोन गट सुटे होतात. प्रत्येक सूर ३०० मिलिसेकंदांचा केला की घोडा परत येतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रेगमन आणि त्यांचे सहकारी जेफ्री कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये तीन उंच, तीन खालचे सूर आलटूनपालटून वेगाने ऐकवले. प्रत्येक गटातला क्रम लोकांना सांगता आला. उंच आणि खालच्या सुरांचा आपसातला क्रम मात्र सांगता येईना.

 म्हणजे वारंवारतेच्या एकट्या आकड्यात जादू नसते. कान शेजारच्या सुराशी असलेलं अंतर आणि वेग तोलतो.

झाल्यात सुरावट तारषड्जाकडे (वरच्या ‘सा’कडे) चढली की चिकारीपासूनचं हे अंतर आटतं. तेव्हा दोन रांगा सुट्या ठेवायला तारांच्या नादातला फरक आणि ‘दा’चा जोर एवढंच उरतं.