मुक्कामाचे पैसे पाठवण्याआधी

इंदूरहून सहलीला किंवा यात्रेला निघणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी. बुकिंग आमच्याकडून करा, स्वतः करा किंवा भाच्याला सांगून करा. खालच्या गोष्टी तिन्ही वेळा तपासण्यासारख्या आहेत.

खोली वाईट निघाली तर एक रात्र वाया जाते. पण पोहोचल्यावर कळले की आपल्या नावाने तिथे खोलीच नाही, तर पैसेही जातात आणि सणासुदीच्या गर्दीत मुलाबाळांसह रस्त्यावर उभे राहावे लागते. हा दुसरा प्रकार यात्रेच्या ठिकाणी इतका वाढला, की एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राला जाहीर इशारा द्यावा लागला. केदारनाथचे हेलिकॉप्टर, भाविकांसाठीची अतिथिगृहे, टॅक्सी आणि धार्मिक सहली यांचा त्यात उल्लेख होता.

फसवणूक कशी चालते

समजा, घरात सोमनाथला जायचे ठरले. मोबाइलवर ‘सोमनाथ अतिथिगृह बुकिंग’ असे शोधले की वरच्या एक-दोन ओळी बरेचदा जाहिरातीच्या असतात. तिथून उघडलेल्या साइटवर खऱ्या अतिथिगृहाचेच फोटो असतात, कारण ते कोणालाही उतरवून घेता येतात. खाली एक मोबाइल नंबर असतो. फोन उचलणारा माणूस गोड बोलतो, व्हॉट्सअॅपवर खोल्यांचे फोटो आणि दरपत्रक पाठवतो. दर बाजारापेक्षा थोडाच कमी असतो. फार कमी ठेवला तर संशय येईल हे त्याला ठाऊक असते. मग ‘दोनच खोल्या शिल्लक आहेत, अर्ध्या तासात अॅडव्हान्स टाका’ अशी घाई सुरू होते.

खरी कात्री पुढे आहे. तुम्ही २,००० रुपये पाठवता. तो म्हणतो, ‘साहेब, सिस्टीममध्ये २,००१ लागतात, पावती निघत नाही. पुन्हा पूर्ण रक्कम टाका, आधीची आपोआप परत येईल.’ दुसऱ्यांदा टाकल्यावर जीएसटीचे, नंतर ‘डिपॉझिट’चे कारण निघते. आधीचे पैसे वाचवायच्या नादात माणूस पुढचे पाठवत जातो. कुठलेही खरे हॉटेल एका रुपयाच्या फरकासाठी पूर्ण रक्कम पुन्हा मागत नाही. हे वाक्य कानावर आले की फोन ठेवावा आणि लगेच या पत्रकाच्या शेवटच्या भागाकडे वळावे.

नकाशावरच्या नंबराचीही खात्री नाही. नकाशात हॉटेलची जागा, फोटो, अभिप्राय सगळे खरे असते आणि फक्त फोन नंबर बदललेला असतो, कारण तिथे दुरुस्ती सुचवण्याची सोय सर्वांना खुली आहे. म्हणून नंबर दोन वेगळ्या ठिकाणांहून काढा: हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून आणि राज्याच्या पर्यटन विभागाच्या किंवा एखाद्या मोठ्या बुकिंग अॅपच्या यादीतून. दोन्ही जुळले तरच बोलणी करा. लँडलाइन असेल तर तीच लावा.

पैसे कोणाच्या नावावर जात आहेत

आमच्या मते ही सर्वांत उपयोगी तपासणी आहे आणि तिला दोन मिनिटे लागतात. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी समोरच्याचे बँकेतले नाव पडद्यावर दिसते. ट्रस्टच्या किंवा हॉटेलच्या नावाऐवजी तिथे एखाद्या व्यक्तीचे नाव आले तर थांबा. ‘मॅनेजरचे खाते आहे’, ‘अकाउंट सेक्शनचे खाते आहे’ ही उत्तरे चालवून घेऊ नका. छोट्या होमस्टेचे खाते मालकाच्या नावावर असू शकते. पण मग ते नाव होमस्टेच्या नोंदणीत आणि यादीतही सापडले पाहिजे.

जीएसटी क्रमांक मागा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: मध्य प्रदेश २३, गुजरात २४, महाराष्ट्र २७, राजस्थान ०८, उत्तराखंड ०५, गोवा ३०. पुढची दहा स्थाने म्हणजे मालकाचा पॅन. पूर्ण क्रमांकात डावीकडून सहावे अक्षर पाहा: ‘पी’ असेल तर मालक एक व्यक्ती, ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी फर्म, ‘टी’ असेल तर ट्रस्ट. देवस्थानाच्या भक्तनिवासाचा म्हणून दिलेल्या क्रमांकात ‘पी’ निघाला, किंवा गोव्याच्या हॉटेलचा क्रमांक ०८ ने सुरू झाला, तर पुढे जाण्याआधी कारण विचारा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करताही हा क्रमांक टाकून व्यवसायाचे नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे बघता येते. वीस लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या लहान घरगुती मुक्कामाला नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे क्रमांक नसणे म्हणजे लबाडी असे नाही, मात्र खोटा क्रमांक देणे ही नक्कीच लबाडी.

पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असे कोणी सांगितले तर पैसे तुमच्याच खात्यातून जाणार आहेत. ‘बुकिंगची फाइल’ म्हणून व्हॉट्सअॅपवर एपीके (मोबाइलवर अॅप बसवणारी फाइल) आली तर उघडू नका. पावती पीडीएफ किंवा फोटोच्या रूपात येते, ती बघायला अॅप बसवावे लागत नाही.

खरी बुकिंग झाल्यावरही निघण्याच्या एक-दोन दिवस आधी हॉटेलला स्वतः फोन करा. आपले नाव आधी सांगू नका. बुकिंग क्रमांक द्या आणि ‘कोणाच्या नावावर, किती रात्री?’ असे त्यांनाच विचारा. ‘हॉटेलवर पैसे द्या’ या प्रकारच्या बुकिंगमध्ये हे फार गरजेचे, कारण गर्दीच्या दिवसांत काही हॉटेले जास्त दर देणारे गिऱ्हाईक आले की अशीच बुकिंग आधी नाकारतात.

दर्शन, सफारी, हेलिकॉप्टर

इंदूरकरांकडे पाहुणे आले की उज्जैन ठरलेले असते, आणि भस्मारतीची परवानगी ‘काढून देणारे’ही ठरलेले. परवानगी महाकालेश्वर मंदिर समितीकडून, भाविकाच्या नावाने आणि ओळखपत्रावर मिळते. ज्याने तुमच्या ओळखपत्राचा तपशील न घेता परवानगी आणून दिली, त्याचा कागद गेटवर चालणार नाही. २०२८ च्या सिंहस्थासाठी नातेवाईक आतापासून विचारू लागतील. उज्जैनच्या मुक्कामाचे आगाऊ पैसे मागणाऱ्यांची वरचीच तपासणी करा, जास्त कडक.

कान्हा, पेंच, बांधवगड या जंगलांचे परमिट वनविभागाच्या ऑनलाइन पोर्टलवरून निघते आणि त्यावर प्रत्येकाचे नाव व ओळखपत्र क्रमांक असतो. मुख्य क्षेत्र, म्हणजे ‘कोअर झोन’, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते, बुधवारी दुपारची फेरीही नसते. ऑगस्टमधली ‘कोअर झोन’ची सफारी कोणी विकत असेल तर तो काय विकतो आहे ते समजून घ्या. केदारनाथचे हेलिकॉप्टर तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा पोर्टलवर मिळते आणि सोमनाथ ट्रस्टच्या खोल्या ट्रस्टच्या स्वतःच्या साइटवर.

खोली निवडताना

अभिप्राय वाचताना ‘सर्वांत नवे आधी’ असे लावा. पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडा. दोन-तीन तारेवाले लोक खरे काय ते लिहितात. एकाच आठवड्यात आलेले, एकाच ठशाचे पंधरा-वीस गोड अभिप्राय मोजू नका. हॉटेलने टाकलेल्या फोटोंपेक्षा पाहुण्यांनी टाकलेले बघा, विशेषतः बाथरूमचे.

‘मंदिरापासून ५०० मीटर’ हे अंतर नकाशात पायी चालण्याचा मार्ग लावून मोजा. डोंगरी गावात तेवढ्या अंतरात शंभर-दीडशे पायऱ्या असू शकतात आणि आजीच्या गुडघ्यांना ते मीटर कळत नाहीत. रात्रीची गाडी दारापर्यंत येते का, लिफ्ट आहे का आणि वीज गेल्यावर चालते का, हे लेखी विचारा. त्याच निरोपात गरम पाण्याची वेळ, एक्स्ट्रा बेडचा दर, मुलांच्या वयाची मर्यादा आणि चेक-आउटची वेळही विचारून घ्या. २४ आणि ३१ डिसेंबरला अनेक रिसॉर्ट जेवणाचे वेगळे पैसे सक्तीने लावतात. तो आकडा आधी हाती हवा.

आधारची पूर्ण प्रत व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. पहिले आठ अंक झाकलेले आधार यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवता येते. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्रही चालते. झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर ‘फक्त अमुक हॉटेलातील मुक्कामासाठी’ आणि तारीख लिहून आडवी सही करा.

खोलीत शिरल्यावर

सामान उघडण्याआधी दार आतून बंद करून बघा. कडी किंवा बोल्ट चौकटीत पुरता बसतो का, बाल्कनीची आणि बाथरूमची खिडकी लागते का, शेजारच्या खोलीत उघडणारे दार असेल तर त्याला आपल्या बाजूने कडी आहे का? नसेल तर खोली बदलून मागा. सामान पसरल्यावर ते मागायचा कंटाळा येतो. जिन्यापर्यंतची दारे मोजा, म्हणजे धुरात किंवा अंधारात भिंतीला हात लावत जाता येईल. आपत्कालीन दाराला कुलूप असेल तर त्या मजल्यावर राहू नका. शक्यतो दुसरा ते चौथा मजला घ्या: तळमजल्यावर खिडकीतून शिरणे सोपे आणि फार वर आगीची शिडी पोहोचणे अवघड.

आता गॅस गिझर. डोंगरी गावांतल्या लहान हॉटेलांत आणि होमस्टेमध्ये तो बाथरूमच्या आतच बसवलेला दिसतो, आणि चोरापेक्षा त्याला जास्त भ्यावे. ओळख सोपी: भिंतीवर पत्र्याची पेटी, पुढे ज्योत दिसायची लहान खिडकी, खालून गॅसची नळी. बंद बाथरूममध्ये ज्योत तिथलाच ऑक्सिजन वापरते. तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात आणि आतून कडी लावलेली असल्याने बाहेरच्यांना वेळेवर कळत नाही. असा गिझर असेल तर दार उघडे ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा आणि मगच दार लावून अंघोळ करा. एकामागून एक चौघांनी अंघोळ करायची असेल तर मध्ये दहा मिनिटे दार-खिडकी उघडी ठेवा. कोळशाची शेगडी आणि गॅसचा हीटर यांनाही हेच लागू. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे ८ पर्यटक हीटर लावून दारे-खिडक्या बंद केलेल्या खोलीत झोपले आणि वाचले नाहीत. थंडी वाजली तर जास्तीच्या रजया मागा.

लपवलेल्या कॅमेऱ्याची विचारणा नेहमी होते. दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरा आणि घड्याळ, धूरसूचक यंत्र, चार्जर, सेट-टॉप बॉक्स, पलंगासमोरची सजावट यांवर सावकाश फिरवा. भिंग असेल तर बारीक ठिपका चमकतो. सापडला तर हात लावू नका, फोटो काढा, खोलीबाहेर या आणि ११२ लावा.

बाहेर पडल्यावर

स्टेशनवर रिक्षावाला ‘तुमचे हॉटेल बंद पडले’ म्हणाला तर हॉटेलला फोन लावून त्याच्यासमोरच बोला. तो ज्या हॉटेलात नेतो तिथून त्याला कमिशन मिळते. बँकॉकमध्ये ‘आज राजवाडा बंद आहे, मी दुसरीकडे नेतो’ हा तोच प्रकार, आणि शेवट रत्नांच्या दुकानात. परदेशात भाड्याच्या स्कूटरसाठी पासपोर्ट गहाण ठेवू नका.

इंदूरच्या मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर भरलेल्या कूपनवर ‘बक्षीस लागले, जोडीने हॉटेलात या’ असा फोन आला तर तिथे हॉलिडे क्लबचे सदस्यत्व विकले जाते. जायचेच असेल तर कार्ड घरी ठेवून जा.

बिलात खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर असेल तर १८ टक्के. कोणी अजून जुने १२ टक्के लावत असेल तर दाखवून द्या. सेवाशुल्क सक्तीचे नाही. काढायला नकार दिला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पैसे गेलेच तर

आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग बाकी सगळे. पैसे काही मिनिटांत एका खात्यातून पुढच्या खात्यांत पळवले जातात; ते खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात. फोन करताना हाताशी ठेवा: व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम, आपल्या बँकेचे नाव, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि फोन नंबर. त्यानंतर आपल्या बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्हॉट्सअॅपवरचे संभाषण रागाने पुसून टाकू नका, तोच पुरावा आहे. गुन्हा गुजरातच्या हॉटेलच्या नावाने झाला म्हणून इंदूरच्या ठाण्याने परत पाठवू नये; झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. प्रवासात भाषेची अडचण आली तर पर्यटन मंत्रालयाची हेल्पलाइन १३६३ चोवीस तास चालू असते.

काही दिवसांनी ‘तुमचे पैसे सोडवून देतो, प्रक्रियेचे शुल्क भरा’ असा फोन येऊ शकतो. तुमचा नंबर त्याच टोळीकडून पुढे गेलेला असतो. पोलीस किंवा बँक असे शुल्क घेत नाहीत.

आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक सहलीत हॉटेलचे पूर्ण नाव, पत्ता, लँडलाइन आणि रद्द करण्याच्या अटी अॅडव्हान्सच्या आधी लेखी मिळतात. पैसे फर्मच्याच खात्यावर घेतले जातात. यातले काही आमच्या कर्मचाऱ्याने टाळले, तर पैसे देऊ नका आणि सरळ कार्यालयात या.