कमांड, स्क्रिप्ट आणि नोंद : पुन्हा काढता येणाऱ्या निष्कर्षांची पार्श्वभूमी

खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेतून २०१६ साली ‘टीएमसी-एसएनपीडीबी’ हा भारतीयांमधील जनुकीय भेदांचा संग्रह प्रसिद्ध झाला. कर्करोगाच्या रुग्णांकडून घेतलेल्या, पण अर्बुदाबाहेरच्या ६२ नमुन्यांच्या एक्झोमवर (जीनोममधील प्रथिनांचा मजकूर असलेल्या भागावर) तो आधारलेला आहे. अशा कामात प्रत्येक नमुना ठरलेल्या पायऱ्यांतून जातो : यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे संदर्भ जीनोमशी (तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या जीनोमशी) जुळवायचे, क्रमाने लावायचे, दुबार आलेले खुणावायचे आणि मग भेद शोधायचे. या क्षेत्रात यातली जवळपास प्रत्येक पायरी वेगळ्या गटाने लिहिलेला, टर्मिनलवर (जिथे आज्ञा टाइप करून देतात त्या खिडकीत) कमांड देऊन चालवायचा स्वतंत्र प्रोग्राम असतो. अशा नमुन्यांपैकी एकालाच एखादा पर्याय चुकून वेगळा दिला गेला, तर तो नमुना उरलेल्यांशी तुलना करण्यास निरुपयोगी ठरतो, आणि निकालाची फाइल नुसती पाहून हे सहसा कळत नाही. कमांड हाताने टाइप न करता स्क्रिप्टिंग भाषेत, म्हणजे छोट्या प्रोग्रामच्या फाइलीत, गुंडाळून चालवण्याची रीत अशा कामांत रूढ झाली ती यामुळेच. मात्र ती जीवशास्त्रातून आलेली नाही, आणि तिचा मूळ हेतूही नोंद ठेवणे हा नव्हता.

अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतील डग मॅकइलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहिले होते की, बागेतल्या पाण्याच्या नळीचे तुकडे जोडावेत तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये युनिक्स या संगणकप्रणालीत ‘पाइप’, म्हणजे एका प्रोग्रामचा निकाल थेट दुसऱ्याला देणारी जोडणी, आणल्यावर हे प्रत्यक्षात आले, आणि १९७९ च्या बॉर्न शेलने (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामने) अशा जोडण्या फाइलीत लिहून ठेवण्याची पक्की सोय केली. या शेलमध्ये एक उणीव राहून गेली आणि तिचा त्रास पुढे अनेक दशके झाला. पाइपने जोडलेल्या कमांडपैकी फक्त शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड (काम यशस्वी झाले की नाही हे सांगणारा आकडा) शेल पाहतो; मधली कमांड अर्ध्यावर कोसळली तरी शेवटची नीट संपली की सगळे सुरळीत झाले असे मानले जाते. बॅश या नंतरच्या शेलमध्ये यावरचा ‘पाइपफेल’ हा पर्याय २००४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीबरोबर आला, आणि आजही तो आपणहून चालू होत नाही. अर्धवट लिहिलेली, पण दिसायला धडधाकट अशी फाइल पुढच्या पायरीला जाणे ही या क्षेत्रातील सर्वांत महागडी चूक आहे असे मला वाटते, कारण ती कोणताही संदेश न देता घडते.

दुसरा धागा स्टुअर्ट फेल्डमन यांच्या १९७६ मधील ‘मेक’ या साधनाचा. त्यांच्या एका सहकाऱ्याची एक सकाळ मुळात बरोबर असलेल्या प्रोग्राममधील चूक शोधण्यात वाया गेली. दुरुस्ती झाली होती, पण बदललेली फाइल पुन्हा कंपाइल करायची (यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणायची) राहिली होती. त्यावरून फेल्डमन यांना सुचले की, कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे हे लिहून ठेवावे आणि फाइलींच्या वेळा पाहून काय पुन्हा चालवायचे ते यंत्रानेच ठरवावे. (मेकच्या नियमांच्या फाइलीत कमांडच्या ओळीआधी द्यावा लागणारा कुप्रसिद्ध ‘टॅब’ही याच दिवसांतला. तो गैरसोयीचा आहे हे लवकरच लक्षात आले होते, पण तोवर डझनभर वापरकर्ते झाले होते आणि त्यांची घडी विस्कटायला फेल्डमन तयार नव्हते.)

मेकचा उपयोग शास्त्रीय निष्कर्ष पुन्हा काढण्यासाठी करावा हा विचार भूभौतिकीतून पुढे आला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन क्लेअरबाउट यांच्या गटात भूकंपीय नोंदींवर प्रक्रिया करून जमिनीखालच्या थरांची चित्रे काढली जात. एखाद्या विद्यार्थ्याने काढलेली आकृती काही महिन्यांनी त्याला स्वतःलाही पुन्हा काढता येत नाही, हा अनुभव तिथे वारंवार येत होता. १९९२ मध्ये मार्टिन कारेनबाख यांच्यासह लिहिलेल्या निबंधात क्लेअरबाउट यांनी मांडले की, आकृतीबरोबर ती निर्माण करणारी आज्ञावलीही वाचकाच्या हाती गेली पाहिजे. पुढे त्यांच्या गटाने मेकमध्ये चार ठरलेल्या आज्ञा रूढ केल्या : ‘बर्न’ने निकाल पुसायचे, ‘बिल्ड’ने ते नव्याने काढायचे, ‘व्ह्यू’ने पाहायचे आणि ‘क्लीन’ने मधल्या फाइली काढून टाकायच्या. यातली ‘बर्न’ ही आज्ञा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपला निकाल निर्धास्तपणे पुसून टाकता येणे हीच तो पुन्हा काढता येण्याची खरी कसोटी आहे, आणि ती नेमाने घेणारे गट आजही थोडेच असतील.

सर्गेई फोमेल यांनी सुरू केलेले आणि २००६ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले ‘मॅडागास्कर’ हे भूभौतिकीचे सॉफ्टवेअर याच परंपरेतले. त्यात प्रक्रियेची प्रत्येक पायरी हा छोटा कमांड लाइन प्रोग्रामच राहिला, पण त्यांची साखळी पायथन या स्क्रिप्टिंग भाषेत, ‘एसकॉन्स’ या मेकसारख्या साधनाच्या साहाय्याने लिहिली जाऊ लागली. प्रत्येक प्रोग्राम आपले नाव, दिलेले पर्याय आणि तारीख निकालाच्या शीर्षफाइलीत स्वतःच जोडत जातो, त्यामुळे निकाल आपला इतिहास बरोबर घेऊनच फिरतो. नकाशे काढण्यासाठी भूभौतिकीत सर्वत्र रूढ असलेले आणि पॉल वेसल व वॉल्टर स्मिथ यांनी १९८८ मध्ये सुरू केलेले ‘जीएमटी’ही नकाशाच्या पोस्टस्क्रिप्ट फाइलीत ज्या कमांडने तो निघाला ती टिप्पणी म्हणून लिहून ठेवते. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे आणि तिथून हार्बर मार्गाने थोडी स्थानके मागे आले की खारघर. दोन्हीकडच्या विद्याशाखा अगदी वेगळ्या. तरीही जीनोमच्या कामातील, जुळवलेल्या तुकड्यांच्या ‘सॅम’ फाइलीच्या शीर्षभागातही कोणत्या प्रोग्रामने, कोणत्या कमांडने काम केले यासाठी एक ओळ राखून ठेवलेली असते.

स्क्रिप्टिंग भाषांचा प्रवास याला समांतर चालला. लॅरी वॉल यांच्या पर्लने (१९८७) बाहेरची कमांड उलट्या अवतरणचिन्हांत लिहून तिचा निकाल थेट चलात घेण्याची सोय दिली आणि मानवी जीनोम प्रकल्पातील केंद्रांनी तिचा भरपूर वापर केला. पायथनमध्ये मात्र बराच काळ गोंधळ होता. बाहेरची कमांड चालवण्याच्या एकाच कामासाठी अनेक मोड्यूल (तयार आज्ञावलीचे संच) होते आणि प्रत्येकाचे वागणे निराळे. २००४ मध्ये, २.४ आवृत्तीत, ‘सबप्रोसेस’ आले तेव्हा कमांड एका सलग ओळीऐवजी शब्दांच्या यादीच्या रूपात देणे ही नेहमीची रीत झाली, आणि फाइलीच्या नावातील रिकाम्या जागेने शेलची फसगत होण्याचा प्रश्न बहुतांशी मिटला. कमांड अयशस्वी झाल्यास थांबायचे की नाही, हे मात्र तिथेही लिहिणाऱ्यानेच सांगावे लागते.

यानंतर दोन वाटा फुटल्या. एकीत प्रत्येक साधनासाठी स्वतंत्र वर्ग, म्हणजे त्याला गुंडाळणारे वेष्टन, लिहून त्याचा प्रत्येक पर्याय स्क्रिप्टिंग भाषेत उतरवला गेला. मेंदूच्या प्रतिमांवर काम करणाऱ्यांसाठी २०११ मध्ये मांडलेले ‘नायपाइप’ हे त्याचे समर्थ उदाहरण. पर्यायांची तपासणी कमांड चालण्याआधीच होते हा या वाटेचा मोठा फायदा आहे, पण मूळ साधन बदलले की वेष्टनही बदलावे लागते आणि ते नेहमी मागे पडते. सॅम फाइली हाताळणाऱ्या ‘सॅमटूल्स’ने १.३ आवृत्तीत आपल्या ‘सॉर्ट’ (क्रम लावण्याच्या) कमांडची जुनी लेखनपद्धत काढून टाकली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या स्क्रिप्ट नव्या आवृत्तीवर चालेनाशा झाल्या. जीवशास्त्रासाठीच्या बायोपायथन या पायथन-संचाने तर आपली अशी वेष्टने कालांतराने कालबाह्य ठरवली आणि थेट सबप्रोसेस वापरण्याचा सल्ला दिला.

दुसरी वाट योहानेस केस्टर व स्वेन रामान यांच्या ‘स्नेकमेक’ने (२०१२) घेतली. मेकचे नियम पायथनच्या धाटणीत लिहायचे, पण कमांड मात्र जशी टर्मिनलवर द्यावी तशीच, उघडी ठेवायची. नियम अयशस्वी झाला तर त्याची अर्धवट फाइल स्नेकमेक स्वतःच पुसून टाकते, म्हणजे अर्धवट फाइल पुढच्या पायरीला जाण्याचा जुना धोका इथे कमी होतो. पुढच्याच वर्षी आलेले ‘नेक्स्टफ्लो’ प्रत्येक पायरीसाठी वेगळा फोल्डर करते आणि चाललेली कमांड व तिचा एक्झिट कोड तिथे फाइलींत ठेवते. माझा कल या पातळ वेष्टनांकडे आहे : सहा महिन्यांनी प्रबंध लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याला नेमके काय चालले होते हे वाचता यायला हवे.

कमांड जपली तरी ती चालवणारा प्रोग्राम तोच राहील याची खात्री नसते. ती उणीव ठरावीक आवृत्त्या बसवणारे ‘कॉन्डा’ (२०१२) आणि प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामग्रीसह ‘कंटेनर’ नावाच्या बंद कप्प्यात चालवणारे ‘डॉकर’ (२०१३) यांनी आवृत्त्या बांधून पुष्कळशी दूर केली. तरीही संगणकाच्या वातावरणाचा काही भाग निसटतोच, आणि युनिक्सची ‘सॉर्ट’ ही ओळी क्रमाने लावणारी साधी कमांड त्याचा चांगला नमुना आहे. तिचा क्रम संगणकावर निवडलेल्या लोकॅलवर (भाषा व प्रदेशाच्या मांडणीवर) ठरतो : भारतीय इंग्रजी लोकॅल असलेल्या यंत्रावर मोठी व लहान रोमन अक्षरे एकमेकांत मिसळून लागतात, तर ‘सी’ या कोणत्याही भाषेशी न बांधलेल्या मूळ लोकॅलमध्ये सगळी मोठी अक्षरे आधी येतात. डॉकरच्या मूळ प्रतिमांमध्ये (कंटेनर ज्यांवरून तयार होतो त्या साच्यांमध्ये) बहुधा वेगळे लोकॅल ठरवलेले नसते, म्हणून तीच स्क्रिप्ट कंटेनरच्या आत एक क्रम देते आणि बाहेर दुसरा, आणि क्रम लावलेलीच फाइल मागणारे पुढचे साधन कधी तक्रार करते, तर कधी काही ओळी गुपचूप सोडून देते. अनुभवी मंडळी म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या काही ओळींतच लोकॅल ‘सी’ ठरवून टाकतात.