खर्जातल्या वाद्यांसाठी मूळ रचना : पीस घ्यायच्या आधी हे वाचून घ्या

ट्युबा, युफोनियम, ट्रॉम्बोन आणि बेस ट्रॉम्बोन ही फुंकून वाजवायची पितळी वाद्यं वाजवणाऱ्या सगळ्यांसाठी हे पत्रक आहे, शिकवणाऱ्यांसाठी पण आहे. आमचं काम छोटं आहे, आम्ही फक्त ह्या खालच्या सुरांच्या वाद्यांसाठी नवीन म्युझिक लिहितो आणि त्याचं नोटेशन छापून देतो. दुसऱ्या वाद्याचं उचलून इथे बसवलेलं आमच्याकडे काही मिळणार नाही. असं का, आणि आमच्याकडून पीस घेताना तुम्ही काय काय बघायचं, ते खाली सांगतो.

उसनं का नको

ट्युबा तसं तरुण वाद्य आहे. १२ सप्टेंबर १८३५ ला प्रशियात विल्हेल्म वीप्रेख्ट आणि योहान गॉटफ्रीड मोरित्झ ह्या दोघांनी बेस ट्युबाचं पेटंट घेतलं, तेव्हा बीथोवनला जाऊन आठ वर्षं झाली होती आणि मोझार्ट तर १७९१ लाच गेलेला. म्हणजे पियानोवाल्यांना किंवा व्हायोलिनवाल्यांना जो वारसा घरबसल्या मिळतो तो ट्युबावाल्याला मिळालाच नाही. पुढे ऑर्केस्ट्रात जागा मिळाली पण ती सगळ्यांच्या खाली पाया धरायची, पुढे येऊन एकट्याने वाजवायची नाही. इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सचा ट्युबा कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्राच्या साथीने एकट्या वाद्यासाठीची रचना) लंडनला पहिल्यांदा वाजला तो १९५४ मध्ये, पेटंटनंतर तब्बल ११९ वर्षांनी! आणि त्याच्या पुढच्याच वर्षी जर्मन संगीतकार हिंडेमिटची ट्युबा-पियानो सोनाटा आली. आज विद्यार्थी जे मन लावून वाजवतात त्यातलं बरंच त्यानंतरचं आहे.

मग मधल्या काळात लोकांनी काय केलं तर चेलोचं घेतलं, बसून नावाच्या लाकडी फुंकवाद्याचं घेतलं, हॉर्नचं घेतलं. त्यात वाईट काही नाही, आम्ही पण तेच वाजवत मोठे झालो आणि कान तयार व्हायला त्याचा उपयोगच होतो. पण चेलोच्या गजाला दम लागत नाही. गज उलटा फिरला की सूर चालूच. ट्युबात तसं नाही, तिथे प्रत्येक सुराची किंमत छातीतल्या हवेने चुकवायची असते. हा एक फरक नीट समजून घेतला तर आमच्या पीसमध्ये बाकी जे काही आहे ते का तसं आहे ते आपोआप कळेल.

दमसास

एक साधा हिशोब करू. संथ पीस आहे, मिनिटाला ६० ठोके, चार मात्रांचे बार (म्हणजे आवर्तनासारखे भाग). चार बारची एक ओळ म्हणजे १६ सेकंद. चेलोवर ही ओळ सहज निघते. मोठ्या माणसाच्या छातीत भरून घेतलेली वापरता येईल अशी हवा साधारण चार-पाच लिटर, आणि ट्युबाचा खालचा सूर जोरात वाजवला तर ती बघता बघता संपते, सोळा सेकंदांची तर गोष्टच सोडा. त्यातही गंमत अशी की वरचा हळू सूर आणि खालचा मोठा सूर ह्यांना लागणारी हवा अजिबात सारखी नाही, म्हणून "दर चार बारला श्वास" असा ठोकळा नियम लावून चालत नाही. सूर किती खाली आहे आणि किती मोठ्याने हवाय ते बघूनच श्वासाची जागा ठरते.

आमच्याच एका संथ पीसमध्ये सुरुवातीला ही चूक झाली होती. एक ताई तो पीस घेऊन गेल्या आणि दोन आठवड्यांनी पान परत घेऊन आल्या, त्यावर पेन्सिलीने एकाच ठिकाणी सहा-सात वेळा श्वासाची खूण केलेली आणि खोडलेली, कागद तिथे पार झिजलेला. बघितलं तर खरंच श्वासाला जागा नव्हती. ओळीचा शेवटचा लांब सूर आणि पुढच्या ओळीचा पहिला सूर एकमेकांना चिकटलेले, मध्ये श्वास घेतला की गाणं तुटायचं आणि नाही घेतला तर पुढचा खालचा फा नुसता फुसकन् यायचा. मग आम्ही तो लांब सूर एक मात्रा आधी सोडला आणि तेवढ्या रिकाम्या मात्रेत पियानोला तीन सुरांचा छोटा जवाब दिला. आता ऐकणाऱ्याला तिथे श्वास ऐकूच येत नाही, त्याला वाटतं की पियानो बोलतोय, आणि खरं सांगायचं तर पीस आधीपेक्षा चांगला झाला.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक पानावर श्वासाच्या दोन तऱ्हेच्या खुणा असतात. साधा स्वल्पविराम म्हणजे इथे घ्याच. कंसातला स्वल्पविराम म्हणजे दम पुरत नसेल तर इथे घ्या, गाणं बिघडणार नाही. लहान मुलांना किंवा नुकतं मोठ्या वाद्यावर आलेल्यांना कंसातल्या सगळ्या खुणा वापरू द्या, लाज वाटायचं काही कारण नाही.

खाली गर्दी नको

चौघांचे पीस, म्हणजे दोन युफोनियम दोन ट्युबा, घेणाऱ्यांनी हे जरूर वाचा. आम्हाला बरेचदा विचारतात की तुमच्या खालच्या ट्युबांना इतकी साधी जोडी का देता, नुसतं सप्तकाचं नाहीतर पंचमाचं अंतर. त्याचं कारण कानात आहे. खालचा बी फ्लॅट (पाश्चात्य पद्धतीतलं सुराचं नाव) घ्या, साधारण ५८ हर्ट्झचा, आणि त्याच्यावर डी, साधारण ७३. दोघांत फरक फक्त १५ चा. इतके जवळचे सूर कानाला वेगवेगळे लागत नाहीत, नुसती घरघर ऐकू येते. हीच जोडी दोन सप्तकं वर नेली की २३३ आणि २९४, फरक ६१ चा, आणि तिथे तीच गोड लागते. म्हणून तळाला मोकळी जागा ठेवायची आणि गोडवा वरच्या युफोनियमकडे द्यायचा. पियानोसाठी लिहिलेलं जसंच्या तसं चौघांना वाटून दिलं की जो चिखल होतो तो ह्याच्यामुळे, वाजवणाऱ्यांचा त्यात दोष नसतो.

व्हॉल्व किती आणि स्लाईड कुठली

तुमच्या ट्युबाला किंवा युफोनियमला तीनच व्हॉल्व (दाबल्यावर जादा नळी जोडणाऱ्या कळा) असतील तर ऑर्डरच्या वेळी तसं सांगा. पहिला आणि तिसरा एकत्र दाबला की सूर हवा त्यापेक्षा थोडा वर चढतो, कारण प्रत्येक व्हॉल्वची नळी मोकळ्या वाद्याच्या लांबीच्या हिशोबाने कापलेली असते आणि एकाने नळी लांबवली की दुसऱ्याचा तुकडा त्या मानाने आखूड पडतो. तिन्ही दाबले तर अजूनच. चौथ्या व्हॉल्वमुळे हे बरंच सुधारतं आणि कॉम्पेन्सेटिंग वाद्यात, जी युक्ती ब्लेकलीने १८७४ मध्ये काढली, जादाची नळी आपोआप जोडली जाते. पण सगळ्यांकडे तसं वाद्य नसतं. शिवाय तीन व्हॉल्वच्या बी फ्लॅट ट्युबावर खालच्या ई नंतर थेट सगळ्यात तळाचा मोकळा बी फ्लॅट येतो, मधले सूर सरळ मार्गाने मिळतच नाहीत. म्हणून जिथे पीस त्या भागात उतरतो तिथे आम्ही छोट्या अक्षरात दुसरी ओळ छापतो, ती नुसती सप्तक वर ढकललेली नसते, वेगळी बसवलेली असते.

ट्रॉम्बोनवाल्यांसाठी एक वेगळंच. मधल्या सी च्या खालच्या दुसऱ्या सप्तकातले बी फ्लॅट आणि बी, कागदावर अर्ध्या सुराचं अंतर, पण साध्या टेनर ट्रॉम्बोनवर बी फ्लॅट स्लाईडच्या (सरकत्या नळीच्या) पहिल्या पोझिशनला आणि बी सातव्या पोझिशनला, म्हणजे हात पूर्ण लांब. वेगात हे दोन सूर पुन्हा पुन्हा लिहिणारा माणूस कधी स्लाईड हातात धरून बसलेला नसतो हे लगेच कळतं. एफ ट्रिगर (अंगठ्याने जादा नळी जोडणारा व्हॉल्व) असेल तर तोच बी दुसऱ्या पोझिशनच्या आसपास मिळतो आणि प्रश्न मिटतो. आमच्या सोप्या पीसमध्ये ही जोडी वेगात येत नाही, अवघडमध्ये येते पण मुखपृष्ठावर "एफ ट्रिगर लागेल" असं छापलेलं असतं. तसंच सलग घसरत जाणारा सूर आम्ही एकाच नळीत बसेल एवढाच देतो, सहा अर्धसुरांच्या पलीकडे नाही.

क्लेफ नीट बघा, इथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात

ब्रास बँडच्या पद्धतीत युफोनियम आणि ट्युबा ट्रेबल क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे कुठल्या रेषेवर कुठला सूर ते सांगणारी ओळीच्या सुरुवातीची खूण) लिहितात आणि ऐकू येणारा सूर वेगळा असतो. कागदावर मधला सी लिहिला तर युफोनियमवर एक सप्तक आणि एक पूर्ण सूर खालचा बी फ्लॅट वाजतो, बी फ्लॅट ट्युबावर त्याच्याही एक सप्तक खाली, आणि ई फ्लॅट ट्युबावर एक सप्तक आणि साडेचार पूर्ण सूर खालचा ई फ्लॅट. फायदा असा की कॉर्नेटपासून ट्युबापर्यंत बोटं तीच राहतात, वाद्य बदललं तरी परत शिकायला लागत नाही. ऑर्केस्ट्रा आणि विंड बँडमध्ये बास क्लेफ, जो सूर लिहिला तोच वाजतो, पण मग सी ट्युबावाल्याची बोटं वेगळी आणि बी फ्लॅटवाल्याची वेगळी.

सोलो युफोनियमच्या संचात आम्ही दोन्ही पानं देतो, काही सांगायची गरज नाही. ट्युबाच्या संचात बास क्लेफचं पान नेहमी असतं, ट्रेबल क्लेफ हवं असेल तर बी फ्लॅट का ई फ्लॅट ते लिहा. नुसतं "ट्रेबल क्लेफ पाहिजे" असं लिहून पाठवलं तर आम्हाला परत विचारावं लागतं आणि तुमचे दोन दिवस जातात.

सोपं, मधलं, अवघड

ही पातळी आम्ही फक्त सूर किती वर जातो ह्यावरून ठरवत नाही. दमाला किती लागतं, वर-खाली उड्या किती मोठ्या आहेत, आणि सलग किती वेळ ओठांना विश्रांती नाही हे सगळं धरतो. सोप्या पातळीचा पीस सुद्धा गाणं म्हणून पुरा असतो, त्याला सुरुवात मध्य शेवट असतो. दोन ओळी "पॉम पॉम" करून मुलाला स्टेजवर उभं करणं आम्हाला पटत नाही, त्यालाही सुरावट मिळाली पाहिजे.

साथीला पियानो असतो. पियानोवाल्याचा डावा हात आम्ही मुद्दाम हलका ठेवतो नाहीतर तो ट्युबाच्याच जागेत बसतो आणि दोघं एकमेकांना झाकतात. म्यूट (वाद्याच्या तोंडात बसवून आवाज दाबायचं साधन) लागणाऱ्या पीसमध्ये तो लावायला आणि काढायला मोकळे बार दिलेले आहेत, ट्युबाचा म्यूट ही काही खिशातून काढायची वस्तू नव्हे.

पानं उलटायची जागा विश्रांतीवर येईल अशीच छपाई असते. एक संच घेतलात तर स्वतःच्या सरावासाठी पानाची कॉपी काढा, खुणा करा, हरकत नाही, पण संपूर्ण संच दुसऱ्याला कॉपी करून देऊ नका.

तुमच्यासाठी नवीन लिहून हवं असेल

ते पण करतो, आणि मनापासून करतो. ह्या वाद्यांचं भांडार वाढलं ते वाजवणाऱ्यांनी मागितलं म्हणूनच. अमेरिकन ट्युबावादक हार्वी फिलिप्स आयुष्यभर संगीतकारांच्या मागे लागून नवीन रचना लिहून घेत राहिले.

आम्हाला कळवताना वाद्य कुठलं, व्हॉल्व किती किंवा ट्रिगर आहे का, क्लेफ कुठला, किती मिनिटांचं हवंय आणि साथीला कोण आहे हे लिहा. सोबत तुमच्या वाजवण्याचं एक रेकॉर्डिंग पाठवा, फोनवर केलेलं चालेल, त्यात तुम्हाला आवडतो असा एक खालचा सूर मध्यम आवाजात दम संपेपर्यंत धरा आणि मग एखादी संथ ओळ वाजवा. चांगलं वाजलं पाहिजे असं अजिबात नाही, तुम्ही श्वास कुठे घेता ते आम्हाला ऐकायचं असतं. पहिला कच्चा मसुदा तुमच्याकडे येईल तो वाजवून बघा आणि जिथे दम तुटतो तिथे पेन्सिलीने खूण करून परत पाठवा, तिथून पुढे आम्ही परत बसतो.