शोधगंगा

भारतीय विद्यापीठांनी पीएच.डी. पदवीसाठी मान्य केलेल्या प्रबंधांचा राष्ट्रीय डिजिटल संग्रह. विद्यापीठ अनुदान आयोगाचे आंतर-विद्यापीठीय केंद्र असलेले गांधीनगरचे इन्फ्लिबनेट तो चालवते. प्रबंधाच्या फाइली तपासणे, नोंद करणे व त्या संग्रहात चढवणे हे काम मात्र बहुतेक ठिकाणी त्या त्या विद्यापीठाचे ग्रंथालय करते. संग्रहात ५ लाखांहून अधिक प्रबंध असून ते विनामूल्य वाचता येतात. चालू संशोधनाचे आराखडे ‘शोधगंगोत्री’ या जोडसंग्रहात असतात.

पूर्वी प्रबंधाच्या मोजक्याच टंकलिखित प्रती निघत. त्यांतील एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाई आणि बहुधा तेथेच बसून वाचावी लागे. कोणत्या विषयावर काम झाले आहे हे कळण्याचे मुख्य साधन छापील सूच्या हे होते. इंटर-युनिव्हर्सिटी बोर्डाने १८५७ ते १९७० या काळातील प्रबंधांची सूची काढली आणि पुढे भारतीय विद्यापीठ संघाने ते काम चालू ठेवले. सूचीवरून प्रबंध अस्तित्वात आहे एवढे समजे. तो वाचायचा तर त्या गावी जाणे भाग होते. अमेरिकेत १९३८ मध्ये स्थापन झालेल्या, प्रबंधांची सूक्ष्मछायाचित्रे घेऊन प्रती पुरवणाऱ्या युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स या कंपनीमुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली, परंतु भारतात तशी व्यापक सोय उभी राहिली नाही.

इलेक्ट्रॉनिक प्रबंधाचा आरंभ केव्हा मानावा याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो १९८७ साली अमेरिकेतील ॲन आर्बर येथे या विषयावर झालेल्या बैठकीपर्यंत मागे नेतात. इतर १९९७ हे वर्ष धरतात, कारण त्या वर्षी अमेरिकेतीलच व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली. ग्रंथालयशास्त्राच्या दृष्टीने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १९८७ ची चर्चा प्रामुख्याने मजकुराच्या तांत्रिक स्वरूपाविषयी होती. १९९७ नंतर प्रबंध स्वीकारण्याची ग्रंथालयाची रीतच बदलली.

भारतापुरता असाच प्रश्न म्हैसूर विद्यापीठाच्या ‘विद्यानिधी’ प्रकल्पाबाबत उपस्थित होतो. २००० च्या सुमारास सुरू झालेला हा प्रकल्प भारतीय प्रबंधांच्या डिजिटल संग्रहाचा पहिला मोठा प्रयत्न समजला जातो. शोधगंगा हा त्याचाच विस्तार होय, असेही कधी कधी मांडले जाते. हेतू समान असला तरी प्रशासकीय वंशावळ वेगळी आहे. इन्फ्लिबनेटची सुरुवात १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या छत्राखाली प्रकल्प म्हणून झाली व १९९६ मध्ये ते स्वतंत्र केंद्र बनले. शोधगंगेला आधार मिळाला तो आयोगाच्या २००९ च्या पीएच.डी. विनियमांचा. म्हणून विद्यानिधीला पूर्वसूरी म्हणावे, उगम म्हणू नये. शोधगंगेचे आरंभवर्षही अनेकदा २००९ असे दिले जाते. ते विनियमांचे वर्ष आहे. प्रत्यक्ष संग्रह त्यानंतर हळूहळू आकाराला आला.

२००९ च्या विनियमांनुसार पदवी जाहीर झाल्यावर ३० दिवसांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत आयोगाकडे पाठवायची होती. २०१६ च्या विनियमांत ती पदवी जाहीर होण्यापूर्वीच इन्फ्लिबनेटकडे देण्याची अट आली. बदल लहान दिसतो, पण त्याचे महत्त्व मोठे आहे. पदवी हाती पडलेल्या संशोधकाकडून फाइल मिळवणे ग्रंथालयाला कठीण जाते. पदवीच फाइलवर अवलंबून असली की ती वेळेवर येते.

संग्रह डीस्पेस या मुक्त संगणकप्रणालीवर उभा आहे. एमआयटीची ग्रंथालये व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी ती विकसित करून २००२ मध्ये खुली केली. तिच्यात विद्यापीठ, विभाग व प्रबंध अशी उतरंड असते. प्रबंध सलग न ठेवता मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरण आणि संदर्भसूची अशा वेगवेगळ्या पीडीएफ फाइलींत ठेवतात. वर्णनासाठी डब्लिन कोअर हा शीर्षक, लेखक, विषय अशा ठरावीक रकान्यांचा नोंदसंच वापरतात व प्रत्येक प्रबंधाला कायमस्वरूपी हँडल क्रमांक मिळतो. शोधगंगेच्या क्रमांकांचा आरंभ १०६०३ ने होतो. संकेतस्थळाची रचना बदलली तरी या क्रमांकाने प्रबंध सापडावा, अशी ही योजना आहे. संदर्भ देताना म्हणून हाच क्रमांक द्यावा.

मराठी प्रबंधांची स्थिती स्वतंत्रपणे पाहिली पाहिजे. त्यांतील पुष्कळ प्रबंध श्री-लिपी, आकृती यांसारख्या यूनिकोडपूर्व टंकांत (फाँटमध्ये) जुळवलेले आहेत. यूनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतंत्र संगणकीय संकेत देणारी जागतिक प्रमाणपद्धती. अशा टंकांत देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली असतात. छापलेले पान निर्दोष दिसते. शोधयंत्राला मात्र रोमन अक्षरांची निरर्थक माळ मिळते आणि प्रबंध असूनही सापडत नाही. टंकांतरासाठी साधने आहेत, पण प्रत्येक टंकाचा आराखडा वेगळा असल्याने रफार व जोडाक्षरे बिघडतात. जुन्या टंकलिखित प्रबंधांच्या तर केवळ प्रतिमा असतात. त्यांवर अक्षर-ओळख प्रक्रिया केली तरी पुसट कार्बनप्रतींतून शुद्ध मजकूर क्वचितच मिळतो.

यूनिकोडनेही सर्व प्रश्न सुटत नाहीत. ‘ॲ’ हे अक्षर यूनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. त्याआधी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहीत. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण शोधयंत्राने तशी खास व्यवस्था केली नसेल तर ती दोन वेगळे शब्द ठरतात. शीर्षके रोमन लिपीत नोंदवल्यास गोंधळ वाढतो: ‘ज्ञानेश्वरी’ मराठी उच्चाराप्रमाणे ‘डी’ खाली जाते, तर संस्कृत लिप्यंतराच्या संकेताने ‘जे’ खाली. शीर्षक देवनागरीत व रोमन लिपीत असे दोन्ही प्रकारे नोंदवणे हा साधा उपाय आहे. विद्यानिधीने भारतीय भाषांतील नोंदींसाठी यूनिकोडचा आग्रह २००२ च्या सुमारासच धरला होता. तो वेळीच सर्वत्र मान्य झाला असता, तर मराठीतील कितीतरी संशोधन आज शोधता आले असते.

प्रबंधातील वाङ्मयचौर्य ओळखण्यासाठी तो दाखल करण्यापूर्वी इतर मजकुराशी केली जाणारी साम्य-तपासणीही बहुधा ग्रंथालयेच करतात. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. श्रेयासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य मोजणीतून वगळले जाते. तपासणीच्या सॉफ्टवेअरसाठी २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ ही योजना आहे. जुन्या टंकातील मजकुराशी यूनिकोडमधील मजकूर थेट ताडून पाहता येत नाही. त्यामुळे मराठी प्रबंधांबाबत मिळणारा टक्का जपूनच वापरावा लागतो.

संग्रहातील सामग्री श्रेयनिर्देश, अव्यापारी वापर व समान परवाना या क्रिएटिव्ह कॉमन्स अटींवर खुली आहे. सहभागी विद्यापीठे इन्फ्लिबनेटशी सामंजस्य करार करतात. २००९ पूर्वीच्या प्रबंधांचे प्रमाण मात्र प्रत्येक विद्यापीठाने मागील प्रतींचे किती स्कॅनिंग केले यावर ठरते.